पुढच्या डाव्या चाकाचा आवाज : ब्रेकदुरुस्तीच्या नोंदी

गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५ (दसरा)

गाडी २००५ सालची, पेट्रोलवर चालणारी, छोटी आहे. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्यांना ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जखडू न देणारी यंत्रणा) नाही. सासऱ्यांनी ती निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी नवी घेतली आणि गेली ९ वर्षे ती मी चालवते. आजचे वाचन १,१२,४६० किलोमीटर. नोंदणीची मुदत २०२० मध्ये ५ वर्षांसाठी वाढवून घेतली होती, ती येत्या डिसेंबरात संपते आणि नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. त्याआधी ब्रेकचा प्रश्न निकाली निघावा, म्हणून या नोंदी आजपासून लिहायला घेतल्या आहेत. काल खंडेनवमीला पान्यांच्या पेटीची पूजा झाली, आज गाडीला झेंडूची माळ घातली, आणि माळ मिरवत निघालेल्या या गाडीने पहिल्याच सिग्नलला थांबताना असा कर्कश सूर काढला की पुढच्या रिक्षातील दोघे जण मागे वळून पाहू लागले.

तक्रार नेमक्या शब्दांत लिहिणे हे अर्धे निदान असते, असे सासरे म्हणतात; ते भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते आणि त्यांचे म्हणणे सहसा खोटे ठरत नाही. तर तक्रार अशी : ताशी ३० किलोमीटरच्या आसपास हलक्या पायाने ब्रेक लावला की आवाज सुरू होतो आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत चालू राहतो. पेडल जोरात दाबले तर तो लगेच तुटतो. गाडी मागे घेताना येत नाही. सकाळी पहिल्या १०–१५ मिनिटांत क्वचितच येतो, मुलुंडहून निघून घाटकोपर गाठेपर्यंत मात्र दर सिग्नलला हजर असतो. मुलगी फुटपाथवर उभी राहिली आणि मी तिच्यासमोरून तीन वेळा गेले, तेव्हा आवाज पुढच्या डाव्या चाकाचा असल्याचे तिने न डगमगता सांगितले. आमच्या सोसायटीचा वॉचमन तर हा आवाज कोपऱ्यावरूनच ओळखतो आणि गाडी दिसण्याआधी फाटक उघडतो.

यापैकी सकाळी शांत आणि गरम झाल्यावर बोलकी, ही खूण मला महत्त्वाची वाटते, कारण मुंबईत पावसाळ्यानंतर ब्रेकचा आवाज म्हटला की सगळे जण प्रथम गंजाकडे बोट दाखवतात. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, बिडाची असते, तिला रंग नसतो आणि दमट हवेत एका रात्रीत तिच्यावर तांबूस गंज चढतो, हे खरेच आहे. परंतु तो गंज सकाळच्या पहिल्या चार-सहा ब्रेकमध्ये पुसला जातो आणि त्याची खरखर तिथेच संपते. आमचा आवाज त्याच्या उलट वागतो.

शनिवार, ४ ऑक्टोबर

पहाटे साडेपाचला द्रुतगती मार्गालगतच्या सर्व्हिस रोडवर, काच खाली करून आणि मोबाइलवर ध्वनीची कंप्रता दाखवणारे अॅप सुरू ठेवून ब्रेकचे ११ प्रयोग केले. अर्थात त्याआधी गाडी २५ मिनिटे फिरवून गरम करून घेतली होती. पडद्यावर प्रत्येक वेळी एकच उंच सुळका उमटला, सुमारे ६,००० हर्ट्झवर. गाडीचा वेग ३० असो की १०, सुळका जागचा हलला नाही.

या एका निरीक्षणाने संशयितांची यादी बरीच लहान केली. डिस्कमागचा पत्रा वाकून घासत असेल किंवा त्यात खडी अडकली असेल, तर आवाज चाकाच्या फेऱ्यांबरोबर येतो-जातो आणि ब्रेक न लावताही येतो. पॅड, म्हणजे ब्रेक लावल्यावर डिस्कवर दाबले जाणारे घर्षणाचे तुकडे, संपत आल्याची सूचना देणारी पोलादी पट्टी डिस्कला टेकत असेल, तर तिची किरकिरही चाकाच्या गतीशी बांधलेली असते आणि बहुतेक वेळा ती ब्रेकविना ऐकू येते. वेग बदलूनही सूर बदलत नाही, याचा अर्थ हा सूर चाकाच्या फिरण्याचा नसून डिस्क, पॅड आणि पॅडना धरून दाबणारा कॅलिपर यांच्या स्वतःच्या थरथरण्याचा आहे. फळ्यावर खडू किंचाळतो तो असाच : खडू क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा घडू लागले की सबंध वर्गाच्या दातांना शिरशिरी येते. मास्तर खडूचा कोन बदलतात किंवा तो मोडून अर्धा करतात आणि किंचाळणे थांबते. फळा तोच, खडू तोच, फक्त टेकण्याची पद्धत बदलली. ब्रेकमध्येही घर्षण असतेच आणि ते असायलाच हवे. प्रश्न एवढाच की पॅड डिस्कवर नीट सपाट टेकतो आहे की खडूसारखा एका कडेवर उभा आहे.

हे सगळे मी आज इतक्या शहाणपणाने लिहीत आहे, पण उद्या करायचे ठरवले आहे ते वेगळेच, कारण त्याला कष्ट कमी आहेत.

रविवार, ५ ऑक्टोबर

गाडी सपाट जागी लावली, पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल केले आणि मगच जॅक लावून गाडी स्टँडवर घेतली. सोसायटीच्या आवारात गाडीखाली वाकलेली बाई दिसली की सल्ला द्यायला तीन माणसे जमतात; त्यांपैकी एकानेही स्टँड असल्याची खात्री करून घेतली नाही, ही गोष्ट नोंदवून ठेवते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये.

कॅलिपर सोडवून वायरने स्प्रिंगला टांगला, म्हणजे त्याचे वजन रबरी नळीवर येत नाही. ब्रेकची काळी भुकटी ओल्या फडक्याने पुसून घेतली आणि फडके पिशवीत बांधून टाकले. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस वापरले जात असे आणि आपल्या पॅडमध्ये काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे फुंकर मारणे किंवा हवेच्या नळीने उडवणे मी कटाक्षाने टाळते.

पॅडच्या पाठीवर शिम नाहीत, हे प्रथम दिसले. शिम म्हणजे पोलाद आणि रबर यांच्या थरांची पातळ पत्री. ती पॅड आणि त्याला दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन यांच्यामध्ये राहून थरथर गिळते. हे पॅड २०२२ मध्ये मीच बदलले होते. त्या वेळी जुन्या शिम गंजून फाटल्या म्हणून टाकून दिल्या आणि नव्या आणायच्या राहून गेल्या, हे आता आठवले. मग सरळ तर्क केला : शिम नाहीत, म्हणून आवाज. पॅडच्या पाठीवर, पिस्टन टेकतो तेवढ्याच जागी, ब्रेकसाठीच मिळणारे सिरॅमिक लेपन लावले, पॅडचे पृष्ठभाग काचकागदावर घासले आणि सगळे परत बसवले. बाहेरचा पॅड खालच्या टोकाला किंचित जास्त झिजल्यासारखा वाटला. मोजला नाही.

संध्याकाळी भांडुपपर्यंत जाऊन आले. आवाज नाही. आनंदाने झोपले.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आवाज परत आला आहे. जूनमध्ये एका गॅरेजमध्ये मेकॅनिकने पॅड घासून दिले होते, तेव्हाही तो चौथ्या दिवशी परतला होता, म्हणजे रविवारच्या माझ्या कामाची किंमत त्या घासण्याइतकीच ठरली. पॅडचा चकाकलेला थर काढला की काही दिवस घर्षण बदलते आणि आवाज गप्प बसतो. ज्यामुळे तो थर चढतो ते कारण मात्र होते तिथेच राहते.

आज एक गोष्ट नीट केली. संध्याकाळी ऑफिसातून १४ किलोमीटर येऊन सोसायटीत शिरताच दोन्ही पुढच्या डिस्कचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले : डावी १२१ अंश सेल्सिअस, उजवी ८३. चकचकीत धातूवर हे उपकरण कमी आकडा दाखवते, त्यामुळे हे आकडे खरे तापमान म्हणून घेऊ नयेत. परंतु दोन्ही डिस्क सारख्याच चकचकीत आहेत आणि एकाच मिनिटात मोजल्या आहेत, म्हणून फरकावर विश्वास ठेवायला हरकत नाही. डावीकडचा ब्रेक सोडल्यावरही पुरता सुटत नाही. तो घासत राहतो, तापतो, पॅडवर थर चढवतो आणि मग किंचाळतो.

सासऱ्यांना आकडे दाखवले. ते म्हणाले, “म्हणजे आवाज हा रोग नव्हेच गं. ताप मोजलास ते बरे केलेस.”

रविवार, १२ ऑक्टोबर

आजचा दिवस निदानाचा होता आणि तो तपशिलाने लिहिण्याजोगा आहे.

गाडी १० किलोमीटर चालवून आणली, पुढची दोन्ही चाके उचलली, गिअर न्यूट्रलला टाकला आणि चाके हाताने फिरवली. उजवे चाक हिसक्याबरोबर दीड फेरा फिरले, डावे पाव फेऱ्यात थांबले. ब्रेक अडकून राहण्याची कारणे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. एक तेलाकडची : रबरी नळी आतून सुजून बंद झाली असेल, तर पेडलच्या जोरावर तेल पुढे जाते पण सुटल्यावर मागे येत नाही, आणि कॅलिपरमध्ये दाब कोंडून राहतो. दुसरी यंत्राकडची : पिस्टन गंजून अडकलेला असतो, किंवा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांतली एखादी सरकत नाही. या दोहोंत निवड करायला दोन मिनिटे पुरतात. चाक अडकलेले असतानाच ब्लीडर निपल, म्हणजे कॅलिपरमधले तेल आणि हवा बाहेर काढण्याची तोटी, पाव फेरा सैल करावा. कोंडलेला दाब असेल तर तेलाची चिळकांडी उडते आणि चाक मोकळे होते. मी निपलवर पारदर्शक नळी चढवून ती बाटलीत सोडली आणि निपल उघडला. तेल नुसते ओघळले, चाक पूर्वीसारखेच जड राहिले. नळी निर्दोष.

मग पिस्टन. कॅलिपर उचलून, जुना पॅड मध्ये धरून, जी-क्लॅम्पने हळूहळू दाबला. पिस्टन हाताच्या जोराने सरळ आत गेला, त्याच्या रबरी टोपीला चीर नव्हती. पिस्टनही निर्दोष.

उरल्या पिना. आमच्या गाडीतला कॅलिपर तरंगता आहे, म्हणजे पिस्टन फक्त आतल्या बाजूला एकच असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, त्याच्या प्रतिक्रियेने सबंध कॅलिपर आत सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणतो. हे सरकणे वरच्या आणि खालच्या अशा दोन गुळगुळीत पिनांवर होते आणि ते सरकणे मिलिमीटरच्याही अंशात असते, पण ते नसेल तर सगळाच तोल जातो. वरची पिन मी करंगळीने आत-बाहेर केली. खालची हलेचना. रबरी बूट काढून, पान्याने पिळत-पिळत ती बाहेर काढायला पंधरा मिनिटे गेली.

तिच्या टोकाला असलेला छोटा रबरी बुश, जो खोबणीत जेमतेम बसायला हवा, तो फुगून पिनेच्याही वर आला होता. नखाने दाबला तर शिळ्या जिलेबीसारखा मऊ-चिकट लागला. भोवती तांबूस ग्रीस होते.

आता बाहेरचा पॅड व्हर्निअरने मोजला : वरच्या टोकाला ६.९ मिलिमीटर, खालच्या टोकाला ४.६. गेल्या रविवारी जे “किंचित” म्हणून सोडून दिले ते हे २.३ मिलिमीटर. खालची पिन जखडल्यामुळे ब्रेक सुटला की कॅलिपरची वरची बाजू मागे येई आणि खालची तिथेच राही. म्हणून पॅडचे खालचे टोक सतत घासत होते. शिवाय आमच्या गाडीत कॅलिपर चाकाच्या अक्षामागे आहे, त्यामुळे गाडी पुढे जाताना डिस्क पॅडखाली शिरते ती याच खालच्या टोकाकडून. तिरका पॅड, आणि त्याच्या पुढच्या धारेशी समोरून येणारी डिस्क : हाच तो फळ्यावर उभा धरलेला खडू. मागे जाताना डिस्क उलट दिशेने शिरते, म्हणून रिव्हर्समध्ये आवाज नव्हता. दसऱ्याला लिहिलेल्या तक्रारीतले हे वाक्य मी त्या दिवशी नुसतेच टिपले होते. त्याचा अर्थ आज लागला.

तांबूस ग्रीस कोणाचे, हा प्रश्न उरला. गॅरेजच्या मेकॅनिकवर मनातल्या मनात ठपका ठेवून झाला होता; तेवढ्यात गाडीची जुनी वही उघडली. मे २०२२ ची नोंद माझ्याच अक्षरात आहे : “पॅड बदलले. दोन्ही बाजूंच्या पिना साफ करून ग्रीस लावले, उरलेला अर्धा डबा ठेवला आहे.” डबा माळ्यावरच होता. चाकाच्या बेअरिंगचे उत्तम ग्रीस. बेअरिंगसाठी उत्तम.

ब्रेकमधले रबर बहुधा ईपीडीएम जातीचे असते. ग्लायकोलवर आधारलेल्या ब्रेक ऑइलमध्ये ते वर्षानुवर्षे सुखाने राहते, मात्र खनिज तेल त्याला सोसत नाही. ते तेल शोषून घेते, फुगते आणि मऊ पडते. बेअरिंगचे ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेले खनिज तेलच असते. पिनांना सिलिकॉन ग्रीस किंवा ब्रेकच्या रबरासाठी म्हणूनच बनवलेले ग्रीस लागते, हे मला २०२२ मध्ये माहीत नव्हते, आणि माहीत नसल्याचेही माहीत नव्हते. सासऱ्यांनी बुश हातात घेऊन पाहिला आणि एवढेच म्हणाले, “ग्रीस म्हणजे ग्रीस, असे समजणाऱ्यांची बेअरिंगे मी आयुष्यभर बदलली. ब्रेक पहिल्यांदाच पाहतोय.”

गाडी स्टँडवरच ठेवली आहे. सेक्रेटरींना सांगून आठवडाभराची मुदत घेतली.

बुधवार, १५ ऑक्टोबर

ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन दादरला लोकल बदलून चर्नी रोडला उतरले आणि ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या बाजारात गेले. दिवाळीच्या तोंडावरची गर्दी होती. दुकानदाराने पॅडचे तीन नमुने काउंटरवर ठेवले आणि सर्वांत स्वस्त नमुन्याची स्तुती सर्वांत जास्त केली. मी पाठीवर शिम आधीच चिकटवलेल्या, दोन्ही कडांना उतार दिलेल्या आणि मध्ये खाच असलेल्या पॅडचा संच घेतला. धातूचे प्रमाण जास्त असलेले पॅड टाळले, कारण शहरातल्या संथ रहदारीत त्यांचा फायदा कमी आणि कुरकुर जास्त. पॅड दोन्ही चाकांचे एकत्रच बदलायचे असतात. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना ठेवला तर ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढते. याशिवाय दोन्ही कॅलिपरसाठी बुश आणि बूट यांचे संच, पॅड ज्यात बसतात त्या स्टीलच्या नव्या क्लिपा, सिलिकॉन ग्रीसची पुडी आणि डॉट ३ ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली घेतली. खालची पिनही नवी मिळाली. जुनीवर गंजाचे खड्डे पडले होते.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज डिस्क ठेवायची की बदलायची, याचा निर्णय. गॅरेजमध्ये आवाजाची तक्रार नेली की डिस्क लेथवर चढवण्याचा सल्ला हमखास मिळतो आणि लेथवर चढलेली प्रत्येक डिस्क थोडी पातळ होऊनच उतरते, म्हणून आधी मोजावे असे ठरवले होते. डिस्कवर किमान जाडी उठवलेली असते. आमच्या डिस्कवर ती १० मिलिमीटर आहे. सासऱ्यांनी त्यांचा मायक्रोमीटर मखमली पेटीतून काढला, आठ ठिकाणी मोजमाप घेतले आणि मला वहीत लिहायला लावले : सर्वांत जाड जागा ११.१४, सर्वांत पातळ ११.१३. जाडी पुरेशी आणि जवळजवळ एकसारखी.

मग डिस्क किती “आउट” आहे, म्हणजे फिरताना किती डुलते, ते पाहिले. डिस्क नटांनी हबवर घट्ट आवळली, चुंबकी स्टँडवर डायल गेज लावला आणि चाक सावकाश फिरवले. काटा ०.१२ मिलिमीटर हलला. माझा चेहरा पडला, कारण सामान्यतः ०.१ च्या वर गेले की डिस्कवर संशय घेतात. सासऱ्यांनी मात्र डिस्क उतरवायला लावली आणि हबच्या तोंडावर बोट फिरवून गंजाचा पापुद्रा दाखवला. तारेच्या ब्रशने हब आणि डिस्कची आतली बाजू लख्ख केली, डिस्क परत आवळली, काटा ०.०५ वर आला. त्या पापुद्र्यापायी चांगली डिस्क लेथवर गेली असती.

डिस्कच्या बाहेरच्या कडेला, जिथे पॅड पोहोचत नाही, तिथे सुमारे अर्ध्या मिलिमीटरची गंजलेली वरंब उभी राहिली होती. नवा पॅड जुन्यापेक्षा केसभर मोठा असला तरी या वरंबेवर चढतो आणि पहिल्या दिवसापासून ओरडतो. ती कानशीने उतरवली. पृष्ठभागावरचा चकाकलेला थर १२० नंबरच्या काचकागदाने, गोलाकार न घासता तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांनी मोडला आणि डिस्क ब्रेक क्लीनरने धुतली. हे सगळे दोन्ही बाजूंना केले. उजवीकडेही अर्थात तेच ग्रीस निघाले आणि तोच फुगलेला बुश. तिथली पिन अजून सरकत होती, एवढेच. आणखी एक पावसाळा गेला असता तर तीही जखडली असती.

रविवार, १९ ऑक्टोबर

जोडणी. पिनांची घरे स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने, जुन्या ग्रीसचा माग राहू नये म्हणून चार-चार वेळा पुसली. नव्या बुशवर आणि पिनांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. घरात ग्रीस ठासून भरले तर पिन आत जाताना कोंडलेली हवा आणि ग्रीस तिला बाहेर ढकलतात, म्हणून येथे कंजूसपणाच योग्य. पिन बसवल्यावर कॅलिपर एका बोटाने सरकवून पाहिला आणि विनाकारण सात-आठ वेळा सरकवत राहिले.

पिस्टन आत ढकलताना निपल उघडा ठेवला, म्हणजे कॅलिपरमधले जुने, मळलेले तेल वर टाकीकडे न जाता बाटलीत उतरते. पॅडचे कान क्लिपांत जिथे सरकतात तिथे ग्रीसचा ठिपका दिला. घर्षणाच्या बाजूला बोटही लागू दिले नाही.

मग ब्रेक ऑइल बदलले. ते हवेतला ओलावा शोषते आणि जसजसा ओलावा वाढतो तसतसा त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ च्या मानकाप्रमाणे ताज्या तेलाचा किमान २०५ अंश, ओलावा मुरलेल्याचा किमान १४०. आमचे तेल टपरीवरच्या चहाच्या रंगाचे निघाले. माहितीपुस्तकात दिलेल्या क्रमाने चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. मुलगी पेडलवर आणि मी निपलवर, “दाब”, “धर”, “सोड” असा तासभराचा संवाद झाला, शेवटी तिने विचारले की शाळेतल्या पीटीपेक्षा हे वेगळे कसे. सांडलेले तेल लगेच पाण्याने धुतले, कारण ते रंग खाते.

चाके बसवून नट टॉर्क पान्याने आळीपाळीने, समोरासमोरचे असे आवळले. इंजिन सुरू करण्याआधी पेडल दाबले तर ते थेट तळाला गेले. पिस्टन मागे ढकललेला असल्याने पहिल्या दाबाला असेच होते. पाच-सहा वेळा मारल्यावर ते वर येऊन कडक झाले. हे न करता गाडी उताराला लावणाऱ्याची पहिली भेट सोसायटीच्या भिंतीशीच होईल.

सोमवार, २० ऑक्टोबर (नरकचतुर्दशी)

अभ्यंगस्नान आटोपून पहाटेच ऐरोली पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गेले. नवे पॅड जुन्या डिस्कशी जुळवून घेईपर्यंत त्यांना शिस्त लावावी लागते. मागे कोणी नाही याची आरशात खात्री करून ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवायचा, पुरते थांबायचे नाही, मग थोडे अंतर ब्रेकविना जाऊन डिस्कला वारा द्यायचा. असे दहा वेळा केले. गरम असताना पेडल दाबून उभे राहिले तर पॅडचा छाप डिस्कवर एका जागी उमटतो, म्हणून थांबणे टाळायचे. सहाव्या-सातव्या वेळी पेडलची जाणीव बदलली, पकड लवकर येऊ लागली. थोडा जळका वास आला, तो अपेक्षित होता. परतताना हलक्या पायाने, मुद्दाम, जुन्या सवयीच्या सर्व जागी ब्रेक लावून पाहिले. अॅपच्या पडद्यावर ६,००० हर्ट्झपाशी काहीही उमटले नाही.

फाटकाशी येऊन थांबले. फाटक उघडेना. हॉर्न वाजवला तेव्हा वॉचमन केबिनमधून धावत आला आणि म्हणाला, “ताई, गाडी बदलली का?”

रविवार, २ नोव्हेंबर

वाचन १,१२,७८४ किलोमीटर. त्याच १४ किलोमीटरच्या प्रवासानंतर तीन वेगवेगळ्या संध्याकाळी तापमान मोजले : डावी ८७, ८४, ९०, उजवी ८५, ८५, ८७. दोन्ही चाके हाताने सारखीच फिरतात. गाडी धुतल्यानंतरच्या सकाळी पहिल्या तीन ब्रेकना दोन्हीकडून खरखर आली आणि गेली. ती गंजाची आहे आणि तिच्यावर मी काही करणार नाही.

आज डावे चाक पुन्हा उतरवले. बाहेरचा पॅड वर आणि खाली सारखाच, ९.८ मिलिमीटर. खालची पिन करंगळीने सरकते. उजवीकडेही तसेच. बेअरिंगच्या ग्रीसचा डबा सासऱ्यांनी फेकू दिला नाही. मागच्या चाकांच्या बेअरिंगला तो लागेल म्हणाले. त्याच्या झाकणावर त्यांनी लाल ऑइलपेंटने, टूलरूममधल्या त्यांच्या त्या नेटक्या अक्षरांत, “ब्रेकला लावू नये” असे लिहिले आहे आणि डबा माळ्यावरून काढून माझ्या पान्यांच्या पेटीशेजारी ठेवला आहे.

पिनांची पुढची तपासणी मे २०२६, पावसाळ्याआधी. मागचे ड्रम पुढच्या रविवारी उघडायचे आहेत.